तीन चुका, पण तिन्ही वेगळ्या

आदरणीय काकू, स. न. वि. वि.

मी सुदामानगरात राहते. लेखा विभागातून निवृत्त होऊन आता दोन वर्षं होतील. गेल्या पावसाळ्यात गच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत करायचं मनात घेतलं. झाकणाचा प्लॅस्टिकचा ड्रम आणला आणि भाजीची देठं, भुट्ट्याची सालं, चहाचा चोथा असं रोजचं त्यात टाकत गेले. पंधरवड्यात सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि शेजारच्या गच्चीवरून निरोप आला. सगळं कचरागाडीत दिलं. दसऱ्यानंतर पुन्हा सुरू केलं. या वेळी ड्रमला भोकं पाडली, सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, आंबट ताक आणि गुळाचं पाणी घातलं, ड्रम सावलीतून उन्हात नेला. वास आला नाही, पण तुळशीचं लग्न लागलं तरी देठं जशीच्या तशी. डिसेंबरात तिसऱ्यांदा बसवलं. भुसा बंद, ड्रम परत सावलीत, दुकानातली कल्चरची (कुजवणाऱ्या जिवाणूंची) पुडी आणि रोज तांब्याभर पाणी. आता नाकाला झोंबणारा वास येतो आणि अळ्या झाल्या आहेत.

आमचे हे म्हणतात, ‘अंधारात तीर मारणं पुरे झालं, सकाळी दारात गाडी येते ना, तिच्यात टाक.’ सून बेंगळुरूहून व्हिडिओ पाठवते. एकात सांगतात ताक घाला, दुसऱ्यात सांगतात ताक मुळीच नको. आणि ‘चुकतमाकत शिका’ हे तर सगळेच सांगतात. माझी अख्खी नोकरी एका पैशाचा फरक सापडेपर्यंत खुर्ची न सोडण्यात गेली. चुका करून शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे मला कोणी सांगितलेलंच नाही. मी तीनदा चुकले आणि काहीच शिकले नाही. हे काही लोकांनाच जमतं का? सरळ एखादा क्लास लावू? आणि गांडुळं आणून सोडली तर काम होईल का?

— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

ताई, नमस्कार.

‘तीनदा चुकले आणि काहीच शिकले नाही’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. तुमचंच पत्र पुन्हा वाचा. पहिल्यांदा सडकी अंडी, दुसऱ्यांदा काहीच नाही, तिसऱ्यांदा नाक झोंबणं. तीच चूक तीनदा झाली असती तर मी यजमानांच्या बाजूने उभी राहिले असते. इथे तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि प्रत्येकीने जाताना आपलं नाव सांगितलेलं आहे.

सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. कचऱ्याला हवा मिळाली नाही की हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि हा वायू सोडतात. बंद ड्रम, श्रावणातली हवा, नुसती ओली सालं. दुसरं काही होणारच नव्हतं. दुसऱ्या खेपेस देठं वाळून राहिली, कारण कुजवणाऱ्या जिवांना ओल लागते आणि ती उन्हाने नेली. शिवाय लाकडाच्या भुशात कार्बन फार असतो आणि नत्र जवळजवळ नसतं, त्यामुळे तो स्वतःही कुजायला महिनोन्महिने घेतो. तिसऱ्या खेपेचा झोंबणारा वास अमोनियाचा. म्हणजे नत्र जास्त झालं आणि त्याला सामावून घेणारं कोरडं काही आत उरलं नाही, कारण भुशाचा धडा घेऊन तुम्ही कोरडं सगळंच बंद केलंत. कुजण्यासाठी साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नत्र असं प्रमाण चांगलं मानतात. स्वयंपाकघरातला ओला कचरा एकटा त्याच्या खाली राहतो, वाळका पाचोळा बराच वर जातो आणि लाकडाचा भुसा तर कित्येक शेकड्यांत जातो. पहिल्या आणि तिसऱ्या खेपेस तुम्ही या आकड्याच्या खाली होतात, दुसऱ्या खेपेस खूप वर. बरोबर जागा मधे कुठेतरी आहे एवढं तुम्ही तीन खेपांत शोधलेलं आहे. फक्त ते तुमच्या हाती लागलेलं नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे.

दुसऱ्या खेपेस तुम्ही काय काय बदललंत? भोकं, भुसा, ताक, गूळ, ऊन. तिसऱ्या खेपेस भुसा गेला, ऊन गेलं, पुडी आली, पाणी आलं. एवढं सगळं एका दमात बदलल्यावर निकाल चांगला लागो की वाईट, श्रेय कोणाला आणि दोष कोणाला? भोकांचा उपयोग झाला का? झाला असावा असं मला वाटतं, कारण तिसऱ्यांदा सडक्या अंड्याचा वास आला नाही. पण मला नुसतं वाटतं. खात्रीने सांगता येत नाही, कारण मधल्या काळात पावसाळा जाऊन थंडी आली.

कचेरीत फरक निघाला की तुम्ही काय करत होतात ते आठवा. पाच नोंदी एकदम खोडून नव्या लिहून बेरीज जुळते का असं पाहत होतात का? अशा कारकुनाला तुम्ही दुसऱ्या टेबलावर पाठवलं असतं. तुम्ही एकेक नोंद मूळ पावतीशी ताडून टिक करत होतात, निम्मं पान बरोबर निघालं की उरलेल्या निम्म्याकडे वळत होतात. चुका करून शिकणं म्हणतात ते हेच काम आहे. तुम्हाला ते येत नाही असं नाही. नोकरीतली पद्धत तुम्ही गच्चीवर नेली नाहीत एवढंच. गच्चीवर गेल्यावर माणसाला वाटतं की आता हे छंदाचं काम, इथे मोकळं वागायचं.

‘माणूस चुकांतून शिकतो’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहितात तसं सरसकट खरं नाही. दर गणेशोत्सवात प्रसाद कमी पडणारी मंडळं आपल्या इंदूरात कमी नाहीत. चूक दरवर्षी होते, हळहळही दरवर्षी होते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रसाद कमी पडतो. कारण अनंत चतुर्दशीनंतर ‘किती पानं झाली, किती शिरा लागला’ हे कोणी टिपून ठेवत नाही. नुसती चूक काही शिकवत नाही. ती कुठून आली हे सापडलं तर शिकवते, आणि ते सापडण्याजोगी मांडणी आधी करून ठेवावी लागते.

एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, थॉर्नडाइक. त्याने १८९८ साली मांजरांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. उपाशी मांजर लाकडी पट्ट्यांच्या पेटीत कोंडायचं, बाहेर दिसेल असा माशाचा तुकडा ठेवायचा. आत एक दोरी किंवा खटका, तो ओढला की दार उघडतं. मांजर बोचकारतं, चावतं, फटीतून पंजे काढतं आणि त्या धडपडीत कधीतरी खटक्याला पाय लागून दार उघडतं. पुन्हा पुन्हा तीच पेटी दिली की सुटायला लागणारा वेळ कमी होत जातो. थॉर्नडाइकने वेळ मोजून मांडला तेव्हा दिसलं, तो एकदम खाली येत नव्हता, चढउतार होत सावकाश उतरत होता. मांजराला युक्ती उमगली होती असं नाही, फुकट जाणाऱ्या हालचाली गळत गेल्या आणि कामाची तेवढी टिकली.

लोक ‘चुकतमाकत शिका’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे मांजर असतं. सायकल, पोहणं, पोळी गोल लाटणं या गोष्टी अशाच येतात, कारण उत्तर तिथल्या तिथे मिळतं. तोल गेला की पडलोच. तुमच्या ड्रमचं तसं नाही. आज टाकलेल्या मूठभर भुशाचं उत्तर महिन्याने येतं, आणि तोवर तुम्ही त्यात आणखी काय काय घातलं ते तुम्हालाच आठवत नाही. आठवण मोठी लबाड असते, निकाल पाहून मागचं सगळं त्याला जुळेल असं लावून देते. जिथे उत्तर उशिरा येतं तिथे मांजराची रीत चालत नाही, तिथे वही लागते.

आता जरा आपल्या गावाचं. तुम्ही ज्या कामात तीनदा ‘नापास’ झालात ते काम जगाला इंदूरने शिकवलं आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारात पुशाला आला आणि १९२४ साली इथे इंदूरला, होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत. आजच्या कृषी महाविद्यालयाचं आवार ते तेच. संस्था मुख्यतः कापसासाठी होती. हॉवर्डची बायको गॅब्रिएल स्वतः शास्त्रज्ञ होती, आणि खताच्या कामात त्याच्या जोडीला आपले यशवंत वाड होते. हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने १९३१ साली इथल्या खताच्या पद्धतीचं पुस्तक निघालं. जगभरचे शेतकरी आजही तिला इंदूर पद्धत म्हणतात. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इथे आले तेव्हा तेही हे खत पाहायला गेले होते. आपण राजवाडा, सराफा आणि पोहे-जलेबीच्या अभिमानात हे पार विसरलो, याचं मला जरा वाईट वाटतं.

पण हे सांगायचं कारण अभिमान नाही. हॉवर्ड आणि वाड यांनी शून्यापासून सुरुवात केली नव्हती. किंग नावाचा अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ १९०९ साली चीन, कोरिया, जपान फिरून आला होता आणि तिथले शेतकरी काडीकचरा कसा कुजवतात हे त्याने लिहून ठेवलं होतं. ते यांनी वाचलं होतं. माळव्यातला शेतकरी काय करतो हेही डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. म्हणजे कोणाची तरी तयार रीत घेतली आणि मग तिला इथल्या मालावर आजमावलं. इथला माल म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळकी खोडं, लाकडासारखी टणक. तशाच खड्ड्यात टाकल्या तर कुजत नाहीत. मग त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या, गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ द्यायचा. जनावरांखाली अंथरायच्या, म्हणजे गोमूत्र मुरतं. मग काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती, राख असे थर, वर पाणी. तीनदा चाळवायचं आणि तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग लावायचे. या शेवटच्या वाक्याकडे जरा लक्ष द्या. मोसम बदलला की रीत बदलते, हे त्यांनी पद्धतीतच घालून ठेवलं. तुम्ही एक खेप श्रावणात, एक ऑक्टोबरच्या उन्हात आणि एक पौषाच्या गारठ्यात करून तिघींची तुलना करताय.

म्हणून माझा पहिला सल्ला, आणि बाकी काही केलं नाहीत तरी एवढं कराच: एक ड्रम नको, दोन बादल्या घ्या. वीस लिटरच्या, एकसारख्या, दोन्हींना सारखी भोकं, दोन्ही सावलीत शेजारी शेजारी. आठवडाभराचा ओला कचरा एका घमेल्यात बारीक करून, कालवून, निम्मा निम्मा वाटा. एकीत एक डबा ओल्याला एक डबा पाचोळा, दुसरीत एक डबा ओल्याला दोन डबे पाचोळा. बाकी सगळं सारखं. दर चार दिवसांनी दोन्ही खुरप्याने वरखाली करा आणि ओल मुठीने बघा. मूठभर घेऊन जोरात पिळलं तर थेंब-दोन थेंब यावेत, धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. आता थंडी पडो की ऊन वाढो, दोन्ही बादल्यांवर सारखंच पडेल. फरक पडला तर तो पाचोळ्याचा. एकामागून एक तीन वर्षं करून जे कळणार नाही ते शेजारी ठेवून एका महिन्यात कळतं.

शेतकी संशोधनात हीच चाल आहे. खत घातलेल्या वाफ्याशेजारी न घातलेला वाफा ठेवतात. त्या रिकाम्या वाफ्याशिवाय पीक खताने वाढलं की यंदाच्या पावसाने, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरं, वही. ही तुम्हाला शिकवायची गरज नाही, तरी काय लिहायचं ते सांगते. तारीख, काय घातलं, वास कसला (मातीचा, आंबट, अंड्याचा, झोंबणारा), पिळून थेंब आले का, आणि कचरा काठापासून किती खाली बसला हे पट्टीने मोजून. रोज एक ओळ. आणि सुरुवातीला, बादल्या भरायच्या दिवशीच, तुमचा आडाखा लिहा: कुठली आधी काळी होईल, कुठलीला वास येईल, साधारण किती दिवसांत. आधी लिहिलेलं नसलं की नंतर प्रत्येकजण म्हणतो, ‘मला वाटलंच होतं.’ यात यजमानांनाही घ्या. ते ‘सडणार’ म्हणतील. बरं, कुठली बादली, कुठला वास, किती तारखेपर्यंत? लिहून घ्या आणि खाली सही घ्या. अंधारात तीर मारण्याची त्यांची तक्रार आहे ना, मग निशाण त्यांनाच काढू द्या.

वासाचा निवाडा मात्र तुम्ही करू नका. तुमचा जीव एका बादलीत अडकलेला असणार. शेजारच्या ज्या काकूंनी निरोप पाठवला होता त्यांना बोलवा, चहा द्या आणि कुठलीत काय आहे हे न सांगता दोन्हींचा वास घ्यायला लावा. त्यांचं नाक तुमच्यापेक्षा निःपक्षपाती आहे, आणि एकदा परीक्षक केलं की माणूस तक्रार करत नाही.

पहिली जोडी संपली की जी बादली बरी निघाली तिचं प्रमाण कायम ठेवा आणि पुढच्या जोडीत एकीत ताक, दुसरीत तेवढंच साधं पाणी. तुमच्या सुनेने पाठवलेल्या दोन्ही व्हिडिओंचा निकाल तुमच्याच गच्चीवर लागेल. दोन्ही व्हिडिओवाले खरं बोलत असतील, त्यांचा कचरा आणि त्यांची हवा वेगळी. माझा स्वतःचा कयास असा की ताकाने फारसा फरक पडणार नाही. पण माझं ऐकू नका, बघा. पुडीचंही तसंच. इंदूर पद्धतीत नव्या खड्ड्याला पंधरा दिवस जुन्या खड्ड्यातलं थोडं कुजतं द्रव्य लावायचे. तुमच्याकडे चालू बादली असली की ओंजळभर तिच्यातलंच घाला आणि पुडीशी ताडून पाहा, पैसे वाचतात का ते.

एकदा जमलं म्हणून लगेच नियम करू नका. एखादी बादली कोपऱ्यात होती म्हणून जिंकली असेल. दुसऱ्या फेरीत जागा अदलाबदल करून तेच पुन्हा लावा. पुन्हा तीच पुढे आली तर मग खुशाल वहीच्या मागच्या पानावर ठोकताळा म्हणून लिहा.

आणखी एक. व्हिडिओत ढिगातून वाफा निघताना दाखवतात. कुजताना ५५ ते ६५ अंशांपर्यंत उष्णता चढते हे खरं, पण त्यासाठी साधारण मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग लागतो. वीस लिटरच्या बादलीत उष्णता टिकत नाही, ती कोमटच राहणार आणि सावकाश कुजणार. वाफ दिसली नाही म्हणून पुन्हा पाच गोष्टी बदलायला बसू नका.

तुम्ही विचारता, हे काही लोकांनाच जमतं का. जमण्यापेक्षा परवडण्याचा प्रश्न आहे असं मला वाटतं. तुमच्या टेबलावर चूक झाली तर कोणाची तरी पेन्शन अडत होती. तिथे चूक न करणं हाच धर्म होता, आणि ती सवय चांगलीच आहे, तिला नावं ठेवू नका. आपल्या घरांतूनही खाडाखोड नसलेल्या वहीला शाबासकी मिळाली, कच्ची वही कोणी पाहिली नाही. पण गच्चीवर चुकलात तर नुकसान काय? फसलेली बादली सकाळी ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात जाईल आणि तिथून देवगुराडियाला, जिथे २०२२ साली दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून गॅस करण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला. तुमच्या चुकीचासुद्धा गॅस होतो. एवढी स्वस्त चूक करायची सोय फार थोड्या गावांत असेल. यजमान म्हणतात गाडीत टाक, त्यांचं अर्धं बरोबर आहे: फसलेलं गाडीत, टिकलेलं कुंडीत.

जिथे चूक महाग आहे तिथे मात्र ही रीत नको. रक्तदाबाची गोळी अर्धी घेऊन पाहू, गॅसची नळी आपणच बदलून पाहू, फोनवर आलेल्या अनोळखी दुव्यावर बोट लावून पाहू, या वयात हे ‘पाहू’ घरात येऊ देऊ नये. तिथे जाणत्याला विचारायचं आणि सांगेल तसं करायचं.

क्लास लावा की. क्लास आणि स्वतः करून पाहणं यांत भांडण नाही. कोणाची तरी चालती रीत हातात आली की तुमचे सुरुवातीचे सहा महिने वाचतात. फक्त एकाच ठिकाणची रीत घ्या आणि पहिली खेप तिच्यात काडीचाही बदल न करता करा. दुसऱ्या खेपेपासून एकेक गोष्ट हलवा. तीन व्हिडिओंतल्या तीन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की सगळ्यांत चांगलं होईल असं वाटतं. तसं होत नाही, तुम्ही ते करून पाहिलंच आहे.

आता सध्याच्या ड्रमचं. तो फेकू नका. जुन्या वर्तमानपत्रांवर गच्चीत ओता, दुपारभर वारा लागू द्या. अमोनिया उडून जाईल. मग त्याच्या दुप्पट वाळका पाचोळा मिसळून परत भरा, वर चार बोटं कोरड्या पानांचा थर ठेवा आणि पाणी बंद करा. अळ्यांना घाबरू नका. मोठ्या, मळकट, वळ्यांच्या असतील तर त्या बहुधा सैनिक माशीच्या, त्या कचराच खातात आणि त्रास देत नाहीत. बारीक पांढऱ्या असतील तर घरमाशीच्या, कोरड्या थराने त्यांची ये-जा तुटते. हा ड्रम तुलनेत धरू नका, त्याच्यात काय काय गेलंय ते आता देवालाच ठाऊक.

पाचोळा आत्ताच साठवा. येत्या महिन्या-दीड महिन्यात पिंपळ आणि कडुनिंब पानं टाकतील, तेव्हा कॉलनीच्या बागेतून चार-पाच पोती भरून कोरड्या जागी ठेवा. जूनमध्ये सुकं पान शोधून मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच त्याची सगळ्यांत जास्त गरज असते. तुमची पहिली खेप पावसाळ्यात का फसली याचं अर्धं उत्तर यात आहे.

गांडुळं आत्ता नको. अमोनिया त्यांना सोसत नाही, या ड्रममध्ये सोडलीत तर मरतील आणि वहीत आणखी एक बदल वाढेल. दोन फेऱ्या होऊन एखाद्या बादलीला नुसता मातीचा वास यायला लागला की तिचे दोन भाग करा, एकात ओंजळभर गांडुळं सोडा, दुसरा तसाच ठेवा, आणि वहीत तारीख घाला.